यल्साबाई, मुक्काम शिरूर

परवा माझ्या पुतण्याला मस्कतला नोकरी लागली. तिथं राहण्याचा परवाना किती दिवसांचा मिळतो, तो दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो की काय, अशी काळजी तो जेवताना बोलून दाखवत होता. मी नुसता घसा खाकरला. तेवढ्यावर माझ्या बायकोनं आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "झालं. आता यल्साबाई येणार." पुतण्या म्हणाला, "काका, मला पुढचं माहितीये." धाकट्या मुलीनं तर ताटच उचललं.

घरात आपली किंमत काय आहे ते अशा वेळी कळतं. म्हणून ठरवलं, ही गोष्ट लिहूनच काढावी. कागद काही ताट उचलून निघून जात नाही.

यल्साबाईंचं खरं नाव एल्सा. माहेर स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यातलं. स्वातंत्र्याच्या आधीच त्या नर्स म्हणून शिरूरच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात आल्या, आणि मी शिरूरच्या कचेरीत नवा कारकून म्हणून चिकटलो तेव्हा त्यांना तिथं येऊन इतकी वर्षं झाली होती की नव्या माणसाला लोक गावातल्या जुन्या गोष्टी दाखवतात तशा त्याही दाखवल्या जात. उंच, हाडापेरानं मजबूत, उन्हानं लाल झालेलं नाक. अंगात राखाडी झगा, पायात आपल्याकडच्या करकरत्या वहाणा, आणि डोक्याला बाजारातला लाल चौकड्यांचा पंचा बांधलेला. सायकल पुरुषी. तिला घंटी नव्हती. बाईंच्या आवाजापुढे तिची गरजही नव्हती.

त्यांचं मराठी हे एक प्रकरणच होतं. मिशननं सुरुवातीला त्यांना शिकवायला पुण्याहून एक पंडित आणले होते. पंडितांनी "आपली प्रकृती कशी आहे?" हे वाक्य आठवडाभर घोटून घेतलं. मग बाई पहिल्या बाळंतपणाला गेल्या. बाळंतवेणा देणारी बाई जे मराठी बोलते ते त्यांनी तिथं ऐकलं, आणि जन्मभर तेच बोलत राहिल्या. पंडित परत गेले. बाईंना 'आपण' तर सोडाच, 'तुम्ही'सुद्धा कधी जमलं नाही. एकदा प्रांतसाहेब दवाखाना पाहायला आले. गावातली बडी मंडळी हार घेऊन उभी. बाई आतून हात पुसत आल्या, साहेबांकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "का रं, जेवलास का? डोळे पिवळं दिसत्यात तुझं." हार धरलेले हात तसेच राहिले. साहेबांना कावीळ निघाली, हा भाग वेगळा.

बाळंतिणीला धीर देण्याचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "रडू नगं, ढकल." हळूहळू त्या ते सगळ्यांनाच म्हणायला लागल्या. मामलेदारांची जीप चिखलात रुतली तेव्हा ड्रायव्हरला म्हणाल्या. माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा मलाही म्हणाल्या. कुणाला ढकलायचं ते सांगितलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. बाई परदेशी नागरिक होत्या. त्यांना दरवर्षी पुण्याला जाऊन मुक्कामाची परवानगी वाढवून आणावी लागे. परवानगी एका वर्षाची. वर्ष संपत आलं की बाईंचा जीव वरखाली व्हायचा. तसं त्या कधी बोलल्या नाहीत, पण त्या दिवसांत दवाखान्यात सगळ्यांना जरा जास्त शिव्या बसत. कचेरीत मला इंग्रजी येतं असा एक समज पसरलेला होता. तो मीच पसरवला होता. त्यामुळे बाईंचा अर्ज लिहिणं आणि त्यांच्याबरोबर एस.टी.नं पुण्याला जाणं हे काम माझ्याकडे आलं. अर्जात मी त्यांना 'आपली अत्यंत नम्र आणि आज्ञाधारक सेविका' असं इंग्रजीत रंगवत असे. बाईंना ओळखणाऱ्या कुणी तो अर्ज वाचला असता तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी म्हणून परत केला असता.

अर्जाला फोटो लागे. शिरूरच्या फोटोवाल्याकडे मागं लावायला एकच पडदा होता, त्यावर बर्फाचा डोंगर रंगवलेला. गावातले नवरा-नवरी हौसेनं त्याच्यापुढं बसत. बाई दरवर्षी त्याच्यापुढं बसत आणि दरवर्षी फोटोवाल्याला सांगत, "बर्फ असं न्हाई पडत. ह्ये चुन्यावानी दिसतंय. माझं ऐक, पडदा धू."

आणि मग चौकी. शिरूरचं गाव घोडनदीच्या काठावर. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपला, नगर जिल्हा सुरू. दारूबंदीचे दिवस होते, म्हणून पुलाच्या अलीकडच्या तोंडाला पोलिसांची एक चौकी बसवलेली. तिथं शेख हवालदार. शिरूरचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. पोट सुटलेला, मिशा पिळलेल्या, आणि मनानं इतका मऊ माणूस की दारू पकडली तर आधी स्वतःच हळहळे. एकदा त्यांनी बाईंना अडवलं. पिशवीतून स्पिरिटचा वास येत होता.

"बाई, कुठं निघालात?" त्यांनी विचारलं. वास्तविक त्यांना विचारायचं होतं पिशवीबद्दल, पण धीर झाला नाही.

बाईंना तो प्रश्न फार आवडला. त्यांच्या परवान्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ जिल्ह्याबाहेर राहायचं असेल तर पोलिसांना कळवून जावं. बाईंचं निम्मं काम नदीपलीकडच्या वाड्यांवर. त्या सायकलवरून उतरल्या आणि म्हणाल्या, "पलीकडं. बाळंतपण हाय. लिवून घे."

हवालदार म्हणाले, "बाई, दुपारपतूर याल की परत. लिवायचं कशाला?"

"किती दिस ते सरकारनं लिवलंय. बाळ किती येळ घेईल ते कुनी लिवलंय? लिव."

शेख हवालदारांनी नवी कोरी वही काढली आणि लिहिलं. तेव्हापासून बाई पूल ओलांडण्याआधी चौकीपुढं थांबणार, हवालदार टोपी सारखी करून लिहिणार, असं सुरू झालं. उन्हाळ्यात नदीत नुसती वाळू असायची, पुलाखालून माणूस सरळ चालत जाऊ शकायचा. तरी बाई चौकीवरून फिरून जात. हवालदार रजेवर असले तर दुसऱ्या शिपायाला रागावून लिहायला लावत. गावात कुणी म्हणालंच की बाई, एवढं लागत नाही, तर त्या म्हणत, "दुसऱ्याच्या घरी ऱ्हायलं की सांगून जावं." लोकांनाही त्यात मजा यायला लागली. पुलाजवळचा चहावाला तर ग्राहकांना कुठल्या वाडीवर बाळ होणार ते चौकीतून आणून सांगे.

अशी वर्षं गेली. मग बाईंचं निवृत्तीचं वय झालं. मिशननं कळवलं की आता मायदेशी या. तिकडं त्यांची एक धाकटी बहीण होती, लीना. ती दर पत्रात विचारायची, कधी येतेस? आणि बाई दर पत्रात लिहायच्या, पुढल्या वर्षी. भेटायची ओढ होती. पण त्यांना धास्ती अशी की एकदा देश सोडला आणि परत यायची परवानगी नाही मिळाली तर? मिशनचं काम सुटल्यावर ती वर्षा-वर्षाची परवानगीही आता मिळेल की नाही, कुणी सांगेना.

मार्ग एकच होता. कायम मुक्कामाची परवानगी. ती मिळाली की दरवर्षीचं पुणं सुटलं, बहिणीला भेटून परतही येता येणार होतं. पण तिच्यासाठी इतकी वर्षं एका जागी सलग वास्तव्य दाखवायचं, चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा, आणि दोन प्रतिष्ठित नागरिकांचा जामीन द्यायचा. जामीन व्हायला दवाखान्याच्या अंगणात एवढी माणसं जमली की बाईंनी त्यांची रांग करून आधी सगळ्यांच्या जिभा तपासल्या. मीही सही करायला पुढं झालो. बाई म्हणाल्या, "तू नगं, वसंता. प्रतिष्ठित पायजे."

अर्ज गेला. आणि इथं शेख हवालदारांनी आपल्या मनानं एक गोष्ट केली. बाईंचा प्रामाणिकपणा साहेबांना दिसावा, त्यांचं वजन वाढावं, म्हणून त्यांनी चौकीतल्या सगळ्या वह्या लाल फडक्यात बांधून अर्जामागोमाग पुण्याला पाठवून दिल्या. मला येऊन अभिमानानं सांगितलं, "आता बघा तुम्ही. असा पुरावा कुनी दिला नसंल." मीही त्यांची पाठ थोपटली. इंग्रजी येणाऱ्या माणसाला एवढीच अक्कल होती.

पुण्याहून बोलावणं आलं. बाई आणि मी गेलो. तिथले साहेब तरुण, चष्मेवाले, फार सभ्य. त्यांच्या टेबलावर त्या वह्या उघड्या पडलेल्या. ते म्हणाले, "बाई, मला एक समजत नाही. या नोंदींप्रमाणे तुम्ही वर्षानुवर्षं पुणे जिल्हा सोडून जात आहात."

"व्हय," बाई म्हणाल्या, "सांगून जाते."

"ते दिसतंय. पण परत आल्याची नोंद कुठंच नाही. एकही नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कागदावरून पाहिलं तर तुम्ही शिरूरला नाहीतच. मग सलग वास्तव्य दाखवायचं कसं?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आरं, आल्याबिगर मी पुन्यांदा कशी जाईन?"

साहेबांना ते पटलं असावं, कारण त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. पण म्हणाले, "हा तर्क झाला. वर पाठवायचं तर चौकशी करायला पाहिजे. मी स्वतः शिरूरला येतो."

परतीच्या एस.टी.त कंडक्टरला खोकला होता, त्यालासुद्धा बाईंनी काही सांगितलं नाही. शिरूर आल्यावर उतरताना म्हणाल्या, "त्यानं न्हाई म्हटलं तर लीनाला लिवावं लागंल, की येते. कायमची." मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो, पण ते वाक्य मला आधी इंग्रजीत सुचलं आणि मग कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

साहेब आले ते नेमके बाजारच्या दिवशी. जीप पुलाच्या तोंडाशी थांबली. चौकीपुढं एक खुर्ची, एक टेबल. खुर्चीत साहेब, समोर बाई पंचा बांधून उभ्या, आणि शेख हवालदारांच्या मिशा पहिल्यांदाच खाली आलेल्या. बाजाराला आलेली माणसं गाड्या सोडून भोवती गोळा झाली.

"हवालदार," साहेब म्हणाले, "बाई गेल्याचं तुम्ही इतकं नीट लिहिलंत. परत आल्याचं का नाही लिहिलं?"

हवालदारांनी टेबलावरच्या वहीकडे पाहिलं. "साहेब, पावना आला तर लिवायचं. घरचं माणूस घरी आलं तर त्याचं काय लिवायचं?"

साहेबांनी लिहिता लिहिता हात थांबवला. नदीकडे पाहिलं. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मला कुणीतरी पाहिलेलं पाहिजे. बाई परत येताना कुणी पाहिलंय का इथं?"

असं विचारायला नको होतं. सगळा बाजार एकदम बोलायला लागला.

एक गाडीवान पुढं आला. "मागल्या आवसेला माझ्याच गाडीत आली न्हवं का. सायकल पंक्चर झालती. निम्म्या वाटंत म्हनली, बैलाच्या मानंला जखम हाय, जुवाखाली फडकं घाल. म्या म्हनलं घरी गेल्यावर घालतो. तर गाडीतनं उतरून चालाय लागली. माझा पटका गेला साहेब त्याच्यापायी."

चहावाला म्हणाला, "रोज परत येताना माझ्याकडं गुळाचा चहा घेती. आन् कप नाकाला लावून वास घेती. म्हनती, गरम पान्यानं धुतला न्हाईस. धुतलेला असतो साहेब. कवा कवा न्हाई धूत, पर तिला त्येच दिवस घावत्यात."

मटकी विकायला बसलेली एक म्हातारी मागून ओरडली, "माज्या नातवाच्या टायमाला म्या सोता सोडाय आले पुलापतूर. वाटभर म्हनत हुती, सुनंला निवद दावल्यावानी वाढू नगं, पोटभर वाढ. आज पोरगं एवढं हाय, आजून म्हनती."

मग एकानं सांगितलं, आली आणि माझी विडी विझवली. दुसऱ्यानं सांगितलं, आली आणि माझ्या पोराचे कान तपासले, सगळ्या बाजारादेखत. बाई परत आल्याचा एकही पुरावा असा नव्हता की ज्यात त्या कुणाला तरी बोलल्या नव्हत्या. साहेबांनी आधी लिहून घ्यायचा प्रयत्न केला. मग पेन ठेवून नुसतं ऐकत बसले. त्यांचे खांदे हलत होते. बाई मात्र रागानं लाल झाल्या होत्या. "चांगलं काय सांगाल का न्हाई रं माझं?"

"ह्येच चांगलं हाय की बाई," गाडीवान म्हणाला.

साहेबांनी शेवटी वही हवालदारांकडे सरकवली. "लिहा. बाई परत आल्या. खाली माझी सही घ्या." हवालदारांनी टोपी सारखी केली आणि लिहिलं. मग साहेब पुस्तिका चाळत म्हणाले, "खरं म्हणजे यातलं काहीच लिहायला नको होतं. एवढ्या-तेवढ्यासाठी नियम लागूच होत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्याला तर नाहीच नाही."

एवढी वर्षं उन्हातान्हात चौकीवरून फिरून गेलेल्या बाईंकडे कुणाला बघवेना. हवालदार तर खांबामागं सरकले होते. बाई म्हणाल्या, "मला ठावं हाय की. वाचाया येतं मला." आणि हवालदारांकडे बघून, "पर ह्यो लिवताना लई खुश दिसायचा."

आता अर्जातला एक रकाना राहिला होता. 'येथे कायम राहण्याचे कारण.' तिथं मी इंग्रजीत मानवसेवेबद्दल तीन ओळी घातल्या होत्या. साहेबांनी त्या वाचल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांवर रेघ मारली. "बाई, तुम्हीच सांगा. इथं का राहायचंय?"

बाईंनी विचार केला. पुलावरून गाड्या चालल्या होत्या, कोंबड्यांची पाटी उलटली होती, मटकीवाली अजून नातवाचंच सांगत होती.

"तिकडं समदी हळू बोलत्यात," बाई म्हणाल्या. "मला ऐकाय येत न्हाई."

परवानगी पावसाळा संपता संपता आली. कायमची. मी तो कागद बाईंना मराठीत वाचून दाखवला. त्यांना पहिल्यांदा पटेना. "म्हंजी पुढल्या साली पुन्याला जायचं न्हाई? मग फोटो?" मी म्हटलं, फोटोही नाही. त्या जरा हिरमुसल्या. मग दवाखान्यामागं गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. डोळे लाल होते. म्हणाल्या, चुलीचा धूर गेला. चूल पेटलेली नव्हती. मी तसं बोलून दाखवलं नाही. आयुष्यात तेवढं एक मला वेळेवर सुचलं आहे.

पुढल्या उन्हाळ्यात त्या बहिणीला भेटायला निघाल्या. तोवर माझी बदली दौंडला झाली होती आणि आम्हाला थोरली मुलगी झाली होती. तिला बघून मग दौंडहूनच मुंबईची गाडी पकडायची असं त्यांनी ठरवलं. मुलीला उलटंसुलटं करून पाहिलं, माझ्या बायकोला पास केलं, मला नापास केलं.

स्टेशनवर जाऊन बघतो तर शिरूरची निम्मी एस.टी. उतरलेली. शेख हवालदार नव्या गणवेशात, गाडीवान नव्या पटक्यात, चहावाला, मटकीवाली, फोटोवाला. सगळ्यांची तोंडं उतरलेली. हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "कागद मिळाला म्हणून काय झालं? बहीन हाय सख्खी. ऱ्हायली तिकडंच तर?" मी म्हटलं, येतील हो. पण माझाही आवाज काही भरवशाचा नव्हता.

बाई परत आल्या, हे सांगून टाकतो. बोलल्या होत्या त्याच्या आधीच आल्या, आणि पुढं कितीतरी वर्षं आम्हाला नापास करत राहिल्या. पण मला त्या आठवतात त्या दिवशीच्या.

गाडी आली. दौंडला ती जरा जास्त थांबते. आम्ही सगळे हार, नारळ, रुमाल घेऊन खिडकीशी. मटकीवालीनं रडायला सुरुवात केली होती. बाई डब्यात चढल्या, ट्रंक बाकाखाली पायानं ढकलली, आणि आत बसलेल्या एका जाड्या गृहस्थाला म्हणाल्या, "सरक की जरा. लांब जायचंय मला, आन् लगेच माघारी यायचंय." गृहस्थ घाबरून सरकला. शिट्टी झाली. गाडी हलली. आम्ही हात हलवायला लागलो. हवालदारांनी तर सलाम ठोकला.

बाईंनी खिडकीकडं पाहिलंसुद्धा नाही. मांडीवर भाकरीचं फडकं सोडून त्या जाड्या गृहस्थाच्या हातावर ठेचा ठेवत होत्या, आणि तो नको नको म्हणत असताना त्याला काहीतरी मोठ्यानं सांगत होत्या. फलाट संपेपर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"बघा," शेख हवालदार दुखावून म्हणाले, "बाजाराला निघाल्यावानी गेल्या." आणि मग त्यांचं त्यांनाच काय ते उमगलं असावं. त्यांनी मिशा पिळल्या, रडणाऱ्या मटकीवालीला गप्प बसायला सांगितलं, आणि आम्ही सगळे चहा प्यायला गेलो.